एका क्लिकमध्ये सगळ्या खिडक्या

जून-जुलैत नांदेड-लातूरच्या महा ई-सेवा केंद्रांवर दोन गर्द्या एकमेकींवर आदळतात. निकाल लागले की उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर यांसाठी विद्यार्थी येतात. लातूरसारख्या शिकवण्यांच्या शहरात ते जास्तच. त्याच दिवसांत खरिपाच्या पीकविम्यासाठी शेतकरी. २०२३च्या खरिपात राज्याने एक रुपयात विमा देऊ केला, तेव्हा ही रांग किती वाढली ते सर्वांनी पाहिले. अशा वेळी केंद्रचालक 'आपले सरकार', विम्याचे संकेतस्थळ, सातबारा, स्कॅनर, फोटो लहान करण्याचा प्रोग्रॅम असे सगळे एकेक करून उघडत बसतो. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. हे सारे एका क्लिकवर उघडणारी चार-पाच ओळींची बॅच फाइल कोणालाही नोटपॅडमध्ये लिहिता येते, आणि माझ्या मते संगणकाच्या पहिल्या महिन्यातच ती शिकवायला हवी. डॉसच्या काळी संगणक सुरू होताच ऑटोएक्झेक डॉट बॅट नावाची अशीच फाइल चालायची आणि हौशी माणसे ती स्वतः लिहीत. एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम २००१ साली आला तोवर विंडोजने हा कारभार पडद्याआड नेला होता. माउस सगळ्यांच्या हाती आला, आज्ञा लिहिण्याची सवय मात्र गेली.

रीत सोपी, खाचाखोचा मोजक्या. प्रत्येक ओळीत 'स्टार्ट' ही आज्ञा, मग दुहेरी अवतरणचिन्हांची रिकामी जोडी आणि त्यानंतर अवतरणांतच प्रोग्रॅमचा किंवा संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता. रिकामी जोडी विसरलात तर संगणक पत्त्यालाच खिडकीचे नाव समजतो आणि नुसती आज्ञांची काळी खिडकी उघडते. 'स्टार्ट'च गाळले तर पहिला प्रोग्रॅम बंद होईपर्यंत दुसरा उघडत नाही. जुन्या मशीनवर सगळे एकदम उघडले की ते गुदमरते, म्हणून मध्ये 'टाइमआउट'ची ओळ घालून पाच-दहा सेकंद थांबावे. नावाच्या शेवटी 'डॉट बॅट' लिहून जतन करताना प्रकार 'ऑल फाइल्स' निवडावा, नाहीतर बॅटच्या मागे गुपचूप टीएक्सटी चिकटते. आपल्याकडची खास अडचण म्हणजे फोल्डरचे नाव देवनागरीत असले की काळ्या खिडकीला ते बहुधा वाचता येत नाही. अशी नावे इंग्रजी अक्षरांत ठेवलेली बरी.

यावर कोणी म्हणेल, दहा क्लिक वाचवून असे काय मिळणार? सेकंदांचा हिशेब धरला तर खरेच फार नाही. पण कोणत्या कामाला काय काय लागते हे अनुभवी चालकाच्या डोक्यात असते. फाइलमध्ये ते लिहिलेले राहते आणि काउंटरवर नवा बसलेला मुलगा पहिल्याच दिवशी विम्याची फाइल दाबून कामाला लागतो. विंडोजचे 'स्टार्टअप' फोल्डर आहेच की, हाही आक्षेप येईल. ते मशीन सुरू होताना ठरलेला एकच संच उघडते. इथले काम हंगामानुसार बदलते. दाखल्यांची एक, विम्याची एक, अशा वेगळ्या फाइली डेस्कटॉपवर ठेवणे जास्त सोयीचे. तिसरा आक्षेप मात्र खराच भारी आहे: बॅच फाइल नुकसानही करू शकते. काउंटरवर लोकांचे आधार क्रमांक, बँकेची पासबुके असतात, तेव्हा पासवर्ड या फाइलीत कधीही लिहू नये. लॉगिन हातानेच करावे. व्हॉट्सअॅपवर कोणी आयती फाइल पाठवली तर डबल क्लिक करायचे नाही. ती साधा मजकूरच असते, उजवे क्लिक करून 'एडिट' म्हटले की सगळ्या ओळी समोर येतात. एखादी ओळ कशासाठी आहे ते कळले नाही, तर ती फाइल चालवू नये.