वाफसा चार दिवसांचा

मृगाचा पाऊस पडून दोन दिवस उलटले की जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीकडचा शेतकरी रानात उकिडवा बसतो, मूठभर माती उचलतो, दाबून तिचा गोळा करतो आणि कमरेच्या उंचीवरून सोडून देतो. गोळा चपटा होऊन तसाच राहिला तर रान अजून ओले. गोळा वळलाच नाही तर ओल उडाली. खाली पडून अलगद फुटला, की वाफसा आला. मग तिफण असो वा ट्रॅक्टर, थांबायचे नाही.

या एका शब्दात मातीचे सगळे भौतिकशास्त्र आहे. कणांमधल्या मोठ्या पोकळ्यांतले पाणी निथळून तिथे हवा शिरलेली असते आणि बारीक पोकळ्यांत पाणी धरलेले असते. मुळांना दोन्ही लागते. हलक्या मुरमाड जमिनीत ही अवस्था लवकर येते. काळ्या भारी जमिनीत ती उशिरा येते आणि चार दिवसांत निघून जाते. हवामानाला तोंड देणाऱ्या शेतीबद्दल आपण बरेच बोलतो. मला वाटते, घनसावंगीत त्या सगळ्याचा कस या चार दिवसांत लागतो.

ही काळी माती साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकाची झीज होऊन झाली. तिच्यातल्या चिकणमातीचे कण वहीच्या पानांसारखे थरावर थर असतात. पाणी या थरांमध्ये शिरते आणि माती फुगते. वाळली की आकसते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस या भेगा गटागटा पितात. पण माती एकदा फुगली, भेगा मिटल्या, की पाणी मुरण्याचा वेग ताशी जेमतेम मिलिमीटरभर उरतो, कधी त्याहूनही कमी. महसूल मंडळात एका दिवसात 65 मिलिमीटर पाऊस झाला की सरकारदरबारी अतिवृष्टी धरतात. एका एकरावर तो पाऊस म्हणजे सुमारे दोन लाख 63 हजार लिटर पाणी. उन्हाळ्यात गावोगाव टँकरची वाट पाहणाऱ्या या भागाला त्याच भाषेत सांगायचे, तर एका एकरात दहा हजार लिटरचे 26 टँकर एका दिवसात रिकामे झाले. ते जाणार कुठे?

असे दिवस वाढत आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिले, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि पावसाळ्यातला एकूण पाऊस मात्र घटला. हवा एक अंश तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. ते मग एकदम कोसळते. जालना जिल्ह्याने दोन्ही टोके पाहिली आहेत. 2012-13 च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाडाभर अतिवृष्टी झाली, जायकवाडी धरणातून मोठा विसर्ग सुटला आणि गोदाकाठची पिके पाण्याखाली गेली.

पाणी तुंबलेल्या रानात सोयाबीन आधी पिवळे पडते. त्याच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतला नत्र पकडतात, पण त्यासाठी मुळाशी प्राणवायू खेळता हवा. तो संपला की दुसरेच जिवाणू जोर धरतात. जमिनीतल्या नत्राचे ते वायूत रूपांतर करतात. त्यातला एक नायट्रस ऑक्साइड, जो वजनाला वजन धरले तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट उष्णता अडकवतो. कपाशीला टाकलेला युरिया असा हवेत जातो. शेतकऱ्याचे खताचे पैसे बुडतात आणि आभाळही तापते. चिबडलेल्या रानातून पाणी काढणे हे त्याच्या खिशाचे काम आहे, तसेच हवामानाचेही.

त्यावरचा उपाय जुना आहे: रुंद वरंबा-सरी, शेतकऱ्यांच्या तोंडी बीबीएफ. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट संस्थेने 1970 च्या दशकात खास काळ्या जमिनीसाठी तो विकसित केला. साधारण दीड मीटरच्या पट्ट्यात मधे रुंद वरंबा, दोन्ही बाजूंना सऱ्या. पेर वरंब्यावर. पाऊस थोडा झाला तर सरीत थांबून मुरतो, जास्त झाला तर सरीतून वाहून जातो आणि मुळे हवेत राहतात. दुष्काळ आणि अतिवृष्टी दोघांनाही एकच मांडणी पुरते, हे मला फार मोलाचे वाटते. पण त्या काळी हे काम बैलांनी ओढायच्या चाकांच्या अवजारावर होते. ते साध्या शेतकऱ्याला परवडण्यासारखे नव्हते आणि तंत्र मागे पडले. परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि कृषी खात्याने ट्रॅक्टरचे बीबीएफ पेरणी यंत्र पुढे आणले, तेव्हा ते पुन्हा रानात आले.

2018 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे ‘पोकरा’, सुरू झाला. 15 जिल्ह्यांतल्या पाच हजारांवर गावांत त्याने ठिबक, शेततळी, अवजारे यांना अनुदान दिले. जालना त्यात होता. हे काम मोठे आहे. तरी वाफशाचा हिशेब मांडून पाहा. एक यंत्र दिवसाला बारा-पंधरा एकर पेरते. चार दिवसांत झाले फार तर साठ एकर. गावात हजार एकर सोयाबीन धरले तर एकाच वेळी किमान सोळा-सतरा यंत्रे लागतात. एखाददुसऱ्याच यंत्रावर भिस्त असली तर पाचव्या दिवशीचा शेतकरी तिफणीने सपाट पेरून मोकळा होतो, आणि त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. आधी पदरचे घाला, अनुदान मागून खात्यावर येईल, ही रीतही दोन-तीन एकरवाल्याला झेपत नाही. त्याला यंत्र विकत घ्यायचेच नसते. त्याला ते त्या चार दिवसांत भाड्याने हवे असते. म्हणून शेतकरी गटांच्या अवजार बँकांना जास्त पैसा मिळायला हवा, आणि त्यांची मोजदाद यंत्रांच्या संख्येवर न करता वाफशात किती एकर पेरले यावर व्हायला हवी.

वाफसा हुकलेल्यालाही एक वाट आहे, आणि तिला अनुदान लागत नाही. पीक महिन्याचे होण्याच्या सुमारास कोळपणी चालू असते. कोळप्याला दोरी गुंडाळायची आणि दर चार ओळींनंतर ते ओढत न्यायचे. दोरीमुळे माती दोन्ही अंगांना सरते आणि मधे सरी उघडते. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी रुजवलेले एसआरटी तंत्र त्याच्याही पुढे जाते: वरंबे एकदाच पाडायचे, पुढे नांगरायचे नाही, जुन्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू द्यायची. मुळांच्या जागी बारीक नळ्या राहतात, गांडुळे येतात, पाणी खाली उतरते. मराठवाड्यात कपाशी-सोयाबीनला हे करून पाहणारे शेतकरी आहेत. दरवर्षी रान उकरायचे नसल्याने त्यांची वाफशासाठीची धावाधाव कमी होते.

जायकवाडीचा 208 किलोमीटरचा डावा कालवा घनसावंगी तालुक्यातूनच जातो. कालव्याखालच्या उसाच्या पट्ट्यात सततच्या पाण्याने रान चिबडते, तर कालव्यापासून लांबच्या गावांत सप्टेंबरची एक उघडीप पीक घालवते. सरी दोघांनाही हवी आहे. खालच्या रानात तिला थोडा जास्त उतार आणि पाणी नेऊन सोडायला चर लागतो; वरच्या रानात ती उताराला आडवी काढून पाणी धरावे लागते. कुठे कोणती, हे अनुदानाच्या अर्जात लिहिलेले नसते. ते बांधावर उभे राहून, पडणाऱ्या पावसाचे पाणी कुठून कुठे धावते हे पाहूनच कळते.