लोकसेवेतील दुभाषित्व

रुग्णालय, न्यायालय, पोलीस ठाणे, शाळा इ. ठिकाणी परस्परांची भाषा न जाणणाऱ्या व्यक्तींमधील संभाषण तत्काळ तोंडी भाषांतराच्या साहाय्याने घडवून आणण्याचे कार्य. लेखी भाषांतराहून ते भिन्न होय. कारण दुभाष्याला वाक्य एकदाच ऐकू येते व दोन्ही पक्ष त्याच्या समोर असतात. आंतरराष्ट्रीय परिषदांतील दुभाषित्वाहूनही त्याचे स्वरूप वेगळे आहे. परिषदेत बोलणारे बहुधा समान दर्जाचे असतात. येथे एका बाजूस अधिकारी वा तज्ञ आणि दुसऱ्या बाजूस स्थलांतरित, आदिवासी किंवा कर्णबधिर व्यक्ती असते आणि तिचे आरोग्य वा स्वातंत्र्य त्या संभाषणावर अवलंबून असते.

दुभाष्याचा व्यवसाय जुना आहे. गोव्यातील पोर्तुगीज राजवटीत ‘लिंग्वा’ हे राजदुभाष्याचे पद होते. १६७४ मध्ये इंग्रजांचा वकील हेन्‍री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा नारायण शेणवी हा त्याचा दुभाषी होता. न्यूरेंबर्ग अभियोगात (१९४५–४६) इंग्रजी, फ्रेंच, रशियन व जर्मन या चार भाषांत एकाच वेळी भाषांतर करण्यात आले आणि परिषद-दुभाषित्वाला आधुनिक स्वरूप लाभले. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलिया, स्वीडन इ. देशांत मोठ्या प्रमाणावर स्थलांतर झाल्याने दैनंदिन लोकसेवांतही दुभाष्यांची गरज भासू लागली. ऑस्ट्रेलियाने १९७३ मध्ये दूरध्वनीवरील दुभाषीसेवा सुरू केली व १९७७ मध्ये दुभाषी आणि भाषांतरकार यांची पात्रता ठरविणारी राष्ट्रीय संस्था स्थापन केली. स्वीडनमध्ये स्टॉकहोम विद्यापीठात १९८६ मध्ये या विषयाची स्वतंत्र संस्था निघाली.

दुभाषी हा केवळ शब्द वाहून नेणारी नळी होय, अशी पूर्वी सर्वसाधारण समजूत होती. विद्यापीठीय संशोधनाने ती फारशी टिकू दिली नाही. दोन्ही पक्षांच्या अपेक्षांत सापडलेल्या दुभाष्याचा भूमिकासंघर्ष आर्‌. ब्रूस अँडरसन यांनी १९७६ मध्ये दाखवून दिला. सूझन बर्क-सेलिग्सन यांनी अमेरिकन न्यायालयांतील स्पॅनिश–इंग्रजी दुभाषित्वाचा अभ्यास केला (१९९०). साक्षीदाराच्या बोलण्यातील आदरार्थी शब्द भाषांतरात राखले असता श्रोत्यांना तो अधिक विश्वसनीय व बुद्धिमान वाटतो आणि ते गाळल्यास त्याच साक्षीचे वजन घटते, असे त्यांना प्रयोगांत आढळले. सेसिलिया वाडेन्शो यांनी स्वीडनमधील पोलीस चौकशा व वैद्यकीय भेटी यांच्या ध्वनिमुद्रणांच्या आधारे लिंशपिंग विद्यापीठाला प्रबंध सादर केला (१९९२). दुभाषी भाषांतर करतो, तसेच कोणी केव्हा बोलावे हेही तो नियंत्रित करतो. म्हणून असे संभाषण तिघांची संयुक्त कृती ठरते, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष होय.

दुभाषित्वातील दोषांचे परिणाम गंभीर होऊ शकतात. १९८० मध्ये फ्लॉरिडात एका बेशुद्ध तरुणाच्या आप्तांनी ‘इंतोक्सिकादो’ हा शब्द उच्चारला. क्यूबाच्या स्पॅनिशमध्ये खाण्यापिण्यातून झालेली बाधा, असा त्याचा अर्थ होतो; डॉक्टरांनी तो अंमली पदार्थांचे अतिसेवन असा घेतला. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव झालेला होता. उपचारास विलंब झाला आणि रुग्णाचे हातपाय कायमचे लुळे पडले. तेथे दुभाषी बोलाविलाच नव्हता. दोन्ही भाषांत साम्य असलेला शब्द कळला, असेच सर्वांना वाटले. अमेरिकेतील बालरोगविषयक १३ भेटींच्या अभ्यासात (२००३) भाषांतराच्या एकूण ३९६ चुका आढळल्या. ऐनवेळी उभ्या केलेल्या दुभाष्यांच्या चुकांपैकी ७७ टक्के, तर रुग्णालयाच्या दुभाष्यांच्या चुकांपैकी ५३ टक्के चुका उपचारांवर परिणाम करू शकणाऱ्या होत्या. कुटुंबातील मुलाकडून हे काम करवून घेणे अनिष्ट मानले जाते. कारण शब्दसंग्रह अपुरा पडतोच, शिवाय रोगी लज्जेस्तव बरेच काही सांगत नाही.

भाषा समान असली, तरी संकेत भिन्न असू शकतात. ऑस्ट्रेलियातील आदिवासी व्यक्ती प्रश्नकर्त्याचा मान राखण्यासाठी ‘होय’ म्हणतात किंवा विचारार्थ दीर्घकाळ मौन पाळतात, हे डायना ईड्स यांनी दाखविले. न्यायालयात अशा होकाराचा अर्थ कबुली आणि मौनाचा अर्थ अपराधभावना, असा लावला जाण्याचा धोका असतो. दुभाष्याने असे संकेत स्वतः समजावून सांगावेत की केवळ उच्चारलेले शब्द पोहोचवावेत, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. न्यायालयात निष्ठापूर्वक भाषांतरावर, तर वैद्यकीय क्षेत्रात स्पष्टीकरणावर अधिक भर देण्याकडे कल दिसतो.

भारतात २०११ च्या जनगणनेनुसार प्रत्येकी दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या १२१ भाषा आहेत. आरोपीला न समजणाऱ्या भाषेतील साक्ष त्याला समजेल अशा भाषेत सांगितली पाहिजे, अशी तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. तथापि मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील माडिया भाषकाच्या बाबतीत या हक्काचे मोल दुभाष्याच्या योग्यतेवरच ठरते. दोन भाषा येणे म्हणजे दुभाषित्व येणे नव्हे, हा वरील संशोधनाचा निष्कर्ष त्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. प्रशिक्षण, परीक्षा व आचारसंहिता यांवाचून तो हक्क कागदावरच राहतो.