थंड पाण्याची शिल्लक

गेल्या वैशाखात आमच्या नदीच्या डोहातले मासे पहाटे वर येऊन तोंडे उघडीत होते. आबा म्हणाले, "पाणी तापलं की माशाला दम लागतो." आबांनी शाळेचे तोंड पाहिलेले नाही, कॉलेजात आलेला घरातला मी पहिलाच. त्यांच्या बोलण्यामागचे कारण शोधावे म्हणून ग्रंथालयात बसलो, आणि वाचता वाचता पोहोचलो थेट कॅलिफोर्नियातल्या सॅक्रमेंटो नदीवर, सॅमन माशाकडे. (आपल्याकडे 'इंडियन सॅमन' म्हणतात तो रावस. हा मासा वेगळा.)

सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. मादी तळाच्या खड्यांत खळगा करून अंडी पुरते. अंड्याला ना कल्ले, ना पळून जाण्याची सोय. खड्यांमधून वाहणाऱ्या पाण्यातला प्राणवायू आत झिरपेल, तेवढ्यावरच गर्भ जगतो. गोम इथेच आहे. पाणी तापले की गर्भ वेगाने वाढतो व त्याला प्राणवायू जास्त लागतो. तापलेल्या पाण्यात तो मावतो मात्र कमी. १० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांना सुमारे ९. म्हणजे खर्च वाढला आणि आवक घटली! १० अंशांना अंडे फुटायला साधारण ५० दिवस लागतात. ऊन पाण्यात पिल्लू त्याआधी बाहेर येते, पण लहानखुरे आणि अशक्त.

'हिवाळी चिनूक' नावाचा सॅमन नदीत शिरतो हिवाळ्यात, पण अंडी घालतो उन्हाळ्यात. पूर्वी तो मॅक्लाउड नदीच्या झऱ्यांच्या गार पाण्यात जाई. १९४५ साली पुऱ्या झालेल्या शास्ता धरणाने ती वाट अडवली. तेव्हापासून त्याची अंडी धरणाच्या तळच्या थंड पाण्यावर जगतात. हव्या त्या खोलीवरचे पाणी सोडता यावे म्हणून १९९७ साली भिंतीला यंत्रणा बसवली गेली. पण तळचे थंड पाणी म्हणजे कणगीतले धान्य. मोजूनच काढावे लागते. २०१४ च्या दुष्काळात ते हंगाम सरण्याआधीच संपले. नदीचे पाणी १३ अंशांच्या वर गेले आणि त्या वर्षीची अंडी व पिल्ले मिळून सुमारे ९५ टक्के मेली.

हेच पाणी खालच्या भातशेतीलाही लागते. शेतकऱ्याच्या घरचा असल्यामुळे मला एकदम माशाची बाजू घेता येईना. दुष्काळात पाणी मागणाऱ्याला दोष कसा द्यावा? पण शेतकऱ्याला निदान मागता येते. अंड्याला तेही येत नाही. म्हणून पाणीवाटपाच्या हिशेबात 'किती पाणी' याच्या शेजारी 'किती थंड पाणी' हाही रकाना हवा, असे मला वाटते. २०२२ साली तिथल्या विनेमेम विन्टू आदिवासींच्या साथीने या सॅमनची अंडी पुन्हा मॅक्लाउडच्या गार पाण्यात नेण्यात आली, हे वाचून बरे वाटले.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा हे सगळे आबांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "मग मी काय वेगळं बोललो होतो?"