ओशावाच्या दुर्मिळ गाड्या : लोखंडाची किंमत आणि कागदाची साक्ष



आपल्या कितीतरी घरांत मुलाच्या अभ्यासाच्या जागी एखाद्या लांबलचक, रुंद टायरच्या मोटारीचे रंगीत चित्र चिकटवलेले असते. कोणती गाडी रे ही, असे विचारले की मुलगा चटकन सांगतो, "अमेरिकन मसल कार!" मसल म्हणजे स्नायू. मध्यम आकाराच्या दोन दारांच्या साध्या गाडीत आठ सिलिंडरचे भले मोठे इंजिन बसवायचे, की झाली मसल कार. या जातीची सुरुवात म्हणून १९६४ सालच्या पाँटिॲक जीटीओचे नाव घेतले जाते.

परंतु या जातीच्या काही गाड्या अमेरिकेत विकायला कधी ठेवल्याच नव्हत्या. त्या शेजारच्या कॅनडात, तिथल्या कामगारांनी, तिथल्या गिऱ्हाइकासाठी घडवल्या. आज त्या फार थोड्या उरल्या आहेत आणि हौशी लोक त्यांच्यासाठी मोठी किंमत मोजतात. या गाड्यांची गोष्ट आपल्यासारख्या कामगार कुटुंबांनी ऐकावी अशी आहे.

जकातीच्या भिंतीने घडवलेली गाडी

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, टोरंटोच्या पूर्वेला, सरोवराकाठी ओशावा नावाचे गाव आहे. तिथे मॅक्लॉफ्लिन घराण्याचा घोडागाड्यांचा कारखाना होता. १९०७ मध्ये त्यांनी मोटारी बांधायला घेतल्या आणि १९१८ मध्ये हा व्यवसाय जनरल मोटर्सच्या ताब्यात गेला. पुढे ओशावा म्हणजे मोटारींचे गाव, अशीच त्याची ओळख झाली.

१९६५ पूर्वी कॅनडात बाहेरून येणाऱ्या मोटारींवर साडेसतरा टक्के जकात होती. अमेरिकेतली तयार गाडी आणली तर ती महाग पडे. म्हणून गाडी कॅनडातच बांधणे परवडे. पण बाजारपेठ लहान. १९६६ च्या जनगणनेत साऱ्या कॅनडाची वस्ती दोन कोटी होती. एवढ्या थोड्या गिऱ्हाइकांसाठी अमेरिकेतले सगळे नमुने वेगवेगळे बांधणे शक्य नव्हते. मग कंपनीने तोडगा काढला. सांगाडा आणि इंजिन शेवरोलेचे, वरचा साज पाँटिॲकच्या वळणाचा आणि नाव मात्र स्वतंत्र.

मुंबईकरांना हा प्रकार नवा नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज, फार्गो आणि डिसोटो अशा तीन नावांचे ट्रक निघत. चालक मंडळी जाणून असत, की बोनेटवरचे नाव निराळे असले तरी आतला माल बव्हंशी एकच.

असेच कॅनडात १९६२ साली 'अकेडियन' आली, ती शेवरोलेच्या शेवी टू या लहान गाडीवर बेतलेली होती. १९६४ मध्ये तिच्याच घरात शेवेल गाडीवर बेतलेली 'ब्युमाँट' आली. १९६६ पासून १९६९ पर्यंत ब्युमाँट स्वतंत्र नावाने विकली गेली. तिच्या बिल्ल्यावर कॅनडाचे मेपलचे पान होते आणि आतला डॅशबोर्ड पाँटिॲकच्या वळणाचा होता. मोठ्या 'पॅरिझियन' गाडीची तऱ्हा आणखी गमतीची. वरचे अंग पाँटिॲकचे रुंद आणि खालचा सांगाडा शेवरोलेचा अरुंद. त्यामुळे चाके आत ओढल्यासारखी दिसत. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याने घालावा तशी ती गाडी.

सहापट मोठे इंजिन

या साध्यासुध्या कुटुंबाच्या गाड्या होत्या. पण त्यांच्यातच काही जहाल नमुने कारखान्यातून तयार होऊन निघत. ब्युमाँटच्या 'एसडी ३९६' या नमुन्यात ३९६ घन इंचाचे, म्हणजे सुमारे साडेसहा लिटरचे इंजिन असे. त्याची ताकद नमुन्याप्रमाणे ३२५ पासून ३७५ अश्वशक्तीपर्यंत होती. आपल्या पद्मिनी टॅक्सीचे इंजिन १०८९ सीसीचे, म्हणजे हे त्याच्या जवळजवळ सहापट! अकेडियनच्या 'कॅन्सो' नमुन्यातही १९६६ साली ३२७ घन इंचाचे, ३५० अश्वशक्तीचे इंजिन मिळे. पॅरिझियनच्या 'टू प्लस टू'मध्ये तर सात लिटरचे इंजिन घेता येई.

असे इंजिन मागवणारा गिऱ्हाईक मुळात थोडा. त्यात तरुणांनी शर्यतीत काही गाड्या मोडल्या. उरलेल्या कित्येक गंजून गेल्या, कारण कॅनडात हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ पत्रा खाते. दरम्यान १६ जानेवारी १९६५ रोजी कॅनडा आणि अमेरिका यांच्यात मोटारींचा करार झाला. त्यानंतर कारखान्यांना दोन्ही देशांत जकातीविना गाड्या पाठवता येऊ लागल्या. मग स्वतंत्र कॅनडियन गाडीची गरजच उरली नाही. १९६९ नंतर ब्युमाँट बंद झाली आणि १९७१ नंतर अकेडियनही.

खरे कोणते, खोटे कोणते?

वस्तू दुर्मिळ झाली की नकलाकार येतोच. साधी सहा सिलिंडरची ब्युमाँट घ्यायची, तिच्यात मोठे इंजिन बसवायचे, वर '३९६'चा बिल्ला ठोकायचा आणि अस्सल म्हणून विकायची! पत्रा तोच, रंग तोच. मग फरक ओळखायचा कसा?

इथे कामाला येतो तो कागद. ओशावाच्या कंपनीने आपल्या जुन्या गाड्यांच्या नोंदी जपून ठेवल्या. गाडीचा क्रमांक कळवला की ती कोणत्या इंजिनासह आणि कोणत्या साजासह निघाली, हे त्या नोंदीवरून सांगता येते. अमेरिकेतल्या त्या काळच्या बहुसंख्य शेवरोले गाड्यांच्या अशा नोंदी मिळत नाहीत. त्यामुळे बिल्ला, रंग आणि मालकाची शपथ यांपेक्षा कारखान्याच्या त्या जुन्या नोंदीला जास्त मान आहे.

गाडीची नोंद राहिली. पण ती घडवणाऱ्या हातांचे काय?

संप आणि दोन याद्या

८ एप्रिल १९३७ रोजी ओशावाच्या सुमारे चार हजार कामगारांनी संप पुकारला. आठ तासांचा दिवस, वाढीव मजुरी, नोकरीच्या ज्येष्ठतेला मान आणि युनियनला मान्यता, या त्यांच्या मागण्या होत्या. प्रांताचे प्रमुख मिचेल हेपबर्न यांनी संपाविरुद्ध खास शिपायांची फौज उभारली. त्यांच्याच मंत्रिमंडळातील मजूरमंत्री डेव्हिड क्रोल यांना हे धोरण पटले नाही आणि त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. २३ एप्रिलला संप मिटला. आठवड्याचे तास चव्वेचाळीसवर आले, मजुरी वाढली आणि ज्येष्ठतेचा नियम मान्य झाला. युनियनच्या २२२ क्रमांकाच्या शाखेचे नाव देशभर झाले. पुढच्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या पुढाकाराने मुंबईत कामगारांनी एक दिवसाचा संप केला, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे.

परंतु ओशावाच्या विजयातही एक उणीव राहून गेली. त्या कारखान्यात स्त्रिया होत्या. गाडीच्या गाद्यांची आवरणे त्या शिवत, विजेच्या तारांच्या जुड्या बांधत. पण ज्येष्ठतेच्या याद्या दोन होत्या, एक पुरुषांची आणि एक बायकांची. बायकांच्या खात्यात काम कमी झाले की वर्षानुवर्षे राबलेली बाई घरी बसे. बाजूच्या खात्यात नवा पुरुष भरती होत असला तरी ती जागा तिला मागता येत नसे. ज्या वर्षांत ब्युमाँट बनत होती, त्याच वर्षांतली ही रीत! शेवटी २२२ शाखेतल्या स्त्रियांनीच आवाज उठवला. १९७० साली ऑन्टारिओ प्रांताने स्त्रियांना समान संधी देणारा कायदा केला आणि त्या वेगळ्या याद्या गेल्या.

हे वाचताना आपल्याला मुंबईच्या गिरण्या आठवल्यावाचून राहत नाहीत. तिथेही आपल्या माणसांना जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात मज्जाव होता. कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्याने विटाळ होतो, हे त्याचे कारण. बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपाच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. सगळे कामगार एक, असे म्हणणाऱ्यांना आपल्याच घरातली भिंत दिसत नसते. ती भिंत जिच्या वाट्याला येते, तिलाच ती पाडायला पुढे व्हावे लागते.

घरातला कागद जपा

ओशावाचा कारखाना डिसेंबर २०१९ मध्ये थांबला आणि २०२१ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाला. आता तिथे पिकअप ट्रक बनतात. जुनी ब्युमाँट हौशी लोकांच्या गॅरेजमध्ये उरली आहे, आणि जिच्याजवळ कागद आहे तिचा भाव निराळा आहे.

आपल्याकडेही कागदाची अशीच किंमत आहे. मुंबईत गिरणी कामगारांच्या घरांची योजना आली, तेव्हा किती वारसांनी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या उपसल्या! कोणाला वडिलांचे ओळखपत्र सापडले, कोणाला हजेरीचा कागद, कोणाला विम्याचे कार्ड. कोणाच्या घरी ते रद्दीत गेले होते, आणि तीस वर्षे घाम गाळलेल्या माणसाला तो कामगार होता हेच सिद्ध करता येईना.

म्हणून सांगावेसे वाटते, येत्या रविवारी विहारातून घरी आल्यावर ती पेटी एकदा उघडा. आजोबांची पगाराची चिठ्ठी, आजीच्या सफाई खात्यातील नेमणुकीचे पत्र, युनियनची पावती, प्रॉव्हिडंट फंडाचा उतारा, जे असेल ते काढा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, झेरॉक्स काढून ठेवा. मागे पेन्सिलीने लिहा, हे कोण, कुठल्या खात्यात, कोणत्या साली. हे काम भिंतीवर मोटारीचे चित्र लावणाऱ्या मुलालाच सांगा. त्या गाडीची नोंद कोणीतरी ठेवली म्हणून ती आज ओळखली जाते. आपल्या माणसांची नोंद आपल्यालाच ठेवायची आहे.

जय भीम!