किटलीतला डॉरमाउस आणि उमरीचा बेडूक

लुईस कॅरलच्या ‘ॲलिस’मध्ये एक वेडगळ चहापान रंगतं. टोपीवाला आणि ससा अखंड बडबडतात आणि त्यांच्या मधोमध डॉरमाउस नावाचा उंदरासारखा प्राणी ढाराढूर झोपलेला असतो. दोघं त्याच्यावर खुशाल कोपरं टेकतात, शेवटी त्याला किटलीत कोंबायला जातात. गडी काही धड जागा होत नाही. १८६५ सालच्या या पुस्तकाचा कर्ता ऑक्सफर्डात गणित शिकवायचा, पण प्राणिशास्त्रातही त्याचा हिशेब पक्का निघाला.

डॉरमाउस निशाचर, तेव्हा चहाची वेळ ही त्याची झोपायचीच वेळ. शिवाय कथेतला महिना मे. इंग्लंडातला खरा डॉरमाउस ऑक्टोबरच्या सुमारास पालापाचोळ्याखाली अंगाचा गोळा करून पडतो, तो एप्रिल-मेपर्यंत. एरवी जेमतेम वीस ग्रॅमचा हा जीव त्याआधी खाऊन खाऊन तीसच्या घरात जातो. मग शरीराची शेगडी मंद होते: अंग मातीइतकं गार, श्वास आणि ठोके नावापुरते. उठल्यावरही गारठा पडला, खायला कमी मिळालं, की पुन्हा तसाच गपगार. मेमधल्या डुलक्या अगदी रास्त!

आमच्या उमरी भागात डॉरमाउस नाही. मे महिन्यात झोपणारा मात्र आहे, तो बेडूक. पारा चाळिशी ओलांडतो, रान भेगाळतं, नाले आटतात. तोवर बेडूक ओलीच्या शोधात जमिनीखाली गेलेला असतो. बिळकरी बेडकाच्या मागच्या पायाला, टाचेशी, फावड्यासारखा कडक उंचवटा असतो. तो उकिडवा बसून पाय आलटून-पालटून मागं सारतो आणि पाठमोराच मातीत उतरतो. सगळ्यात शेवटी डोळे दिसेनासे होतात. मूत्राशयात साठवलेलं पाणी त्याला आत पुरवून वापरता येतं.

मला या दोघांत बेडूकच वरचढ वाटतो. डॉरमाउसला शरीराचा वेग उतरवायला थंडीची साथ तरी असते. उन्हाळ्यात उलट तो वाढायला हवा, तरी बेडूक आतूनच खर्च आवरून धरतो. मृगाचा पाऊस झाला की मोठे नर बेडूक पिवळेधमक होऊन, गळ्याशी निळे फुगे फुगवत डबक्यात हजर. पुढं पावसाळाभर किडे खाऊन तेच शेतकऱ्याचं काम हलकं करतात.

उन्हाळी नांगरटीत असा सुस्त बेडूक वर आला तर त्याला बांधावर उन्हात फेकू नका. सावलीत, ओलसर मातीत पुन्हा सैलसर झाकून ठेवा.