घोड्याच्या दाढा घासणे : एका नावाची फसगत

घोड्याच्या दाढा घासून त्यांस योग्य आकार देण्याच्या क्रियेला इंग्रजीत 'फ्लोटिंग' म्हणतात. गवंडी ज्या हत्याराने गिलावा सपाट करतो, त्यालाही त्या भाषेत 'फ्लोट' असेच नाव आहे. त्यामुळे दाढा सपाट करणे हाच या उपचाराचा हेतू असावा, असा समज सहज होतो. वस्तुतः गुळगुळीत दाढ घोड्याच्या दृष्टीने निकामी होय.

प्रौढ घोड्यास दळणाच्या 24 प्रमुख दाढा असतात. त्यांच्या पृष्ठभागावर कठीण एनॅमलच्या वळ्या उंच राहतात व त्यांमधील मऊ भाग अधिक झिजतो. जात्याला टाकी लावल्यावर यावा तसा हा खडबडीतपणा गवत दळण्यास आवश्यक असतो. तरुणपणी दाढेचा बहुतेक भाग जबड्यात दडलेला असतो. तो वर्षाला सुमारे 2 ते 3 मिलिमीटर बाहेर सरकतो आणि झीज भरून काढतो. पण हा साठा मर्यादित असून म्हातारपणी तो संपतो.

मग घासावयाचे ते काय? घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. परिणामी वरच्या दाढांची गालाकडील व खालच्या दाढांची जिभेकडील कड पुरेशी झिजत नाही. तेथे तीक्ष्ण टोके निर्माण होऊन गालास व जिभेस जखमा होतात. दाण्यावर पोसलेल्या घोड्याचा जबडा चघळताना आडवा कमी फिरत असल्याने त्याच्या बाबतीत हा दोष अधिक संभवतो.

आधुनिक पद्धतीत घोड्यास गुंगीचे औषध देतात, तोंड चौकटीने उघडे ठेवतात आणि उजेड व आरसा यांच्या साह्याने प्रत्येक दाढ तपासतात. नंतर हातकानशीने किंवा विजेच्या यंत्राने फक्त ही टोके बोथट करतात. यंत्राने काम त्वरित होते. परंतु ते एकाच जागी टेकून राहिल्यास उष्णतेने दाताचा जिवंत गाभा दुखावतो, आणि घासणे खोल गेल्यास तो उघडा पडतो. समोरची दाढ नसल्यामुळे एखादी दाढ फार उंच वाढली असेल, तर तीही एकदम न कापता काही महिन्यांच्या अंतराने थोडी थोडी कमी करतात.

म्हणून मराठीत या क्रियेस 'दाढा सपाट करणे' न म्हणता 'दाढांच्या कडा बोथट करणे' म्हणणे युक्त ठरेल. प्रश्न केवळ शब्दाचा नाही. गरजेपेक्षा अधिक घासलेला प्रत्येक मिलिमीटर घोड्याच्या उतारवयातील दळणातून वजा होत असतो.