चूल वेगळी, यादी जुनी : नव्या संसाराला घरकुल कधी?

विशेष प्रतिनिधी
बोरी बुद्रुक (ता. जुन्नर)

कुकडी नदीकाठचे बोरी बुद्रुक हे गाव भूगर्भशास्त्रज्ञांना आणि पुरातत्त्वज्ञांना परिचित आहे, ते नदीलगत आढळणाऱ्या ज्वालामुखीच्या राखेमुळे आणि तेथे सापडलेल्या अश्मयुगीन हत्यारांमुळे. त्या राखेचे वय नेमके किती, यावर अभ्यासकांमध्ये अनेक दशके वाद झडला. या परिसरातील गावांमध्ये घरकुलाचा विषय निघाला की जो वाद होतो, त्याचेही मूळ वयातच असते. यादी किती जुनी आणि लग्न किती नवे, एवढाच काय तो फरक.

ग्रामीण भागात घरासाठी सरकारी मदत मिळवायची तर 'यादीत नाव' हवे. शहरातील वाचकाला म्हाडाची सोडत ठाऊक असते. अर्ज भरायचा, अनामत रक्कम ठेवायची आणि नशिबाची परीक्षा पाहायची. गावात सोडत नसते, तेथे प्रतीक्षा यादी असते. पंतप्रधान आवास योजना (ग्रामीण) २०१६ मध्ये इंदिरा आवास योजनेच्या जागी आली, तेव्हा लाभार्थी कोण हे ठरविण्यासाठी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणाचा आधार घेण्यात आला. त्यातून जी यादी तयार झाली ती महाराष्ट्रात 'प्रपत्र ब' म्हणून ओळखली जाते. अनेक गरजू त्यातून सुटले, अशी ओरड झाल्यावर २०१८-१९ मध्ये 'आवास प्लस' नावाने दुसरे सर्वेक्षण झाले. ते 'प्रपत्र ड'. गावच्या पारावर 'ड यादीत नाव आहे का?' असा प्रश्न ऐकू येतो, तो याच यादीबद्दल.

या दोन्ही याद्यांत तरुण जोडप्याची जागा कोठे आहे, हे समजून घेण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. २०११ मध्ये एखादा मुलगा चौदा वर्षांचा होता. २०१८ मध्ये तो एकवीस वर्षांचा झाला, पण अविवाहित होता. २०२१ मध्ये त्याचे लग्न झाले आणि दोन वर्षांत घरात पाळणा हलला. पहिल्या पाहणीत तो कुटुंबप्रमुखाचा मुलगा होता, दुसऱ्या पाहणीतही कुटुंबप्रमुखाचा मुलगाच होता. त्याचा संसार सुरू झाला तेव्हा दोन्ही याद्या बंद झालेल्या होत्या. घरकुलासाठी त्याची प्रतीक्षा कागदावर सुरूच झालेली नसते. प्रत्यक्षात मात्र ती लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून चालू असते.

मोजली जाते ती चूल

या विसंगतीचे मूळ 'कुटुंब' या शब्दाच्या व्याख्येत आहे. जनगणनेत आणि तिच्या धर्तीवरील सर्वेक्षणांत एका स्वयंपाकघरात शिजलेले अन्न खाणारी, एकत्र राहणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. शहरी आवास योजनेत याउलट पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले यांना कुटुंब मानले जाते. म्हणजे शहरात जोडपे मोजले जाते आणि गावात चूल. आई-वडील, दोन विवाहित मुलगे आणि त्यांची लेकरे एकाच छताखाली जेवत असतील, तर ग्रामीण यादीच्या लेखी ते एकच घर ठरते.

साहजिकच 'चूल वेगळी करणे' या जुन्या शब्दप्रयोगाला नवा सरकारी अर्थ प्राप्त झाला आहे. पूर्वी भाऊबंदकीत किंवा सासू-सुनेच्या कुरबुरीत चूल वेगळी होत असे. आता गुण्यागोविंदाने राहणाऱ्या घरांतही कागदोपत्री वेगळे होण्याचा विचार करावा लागतो. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेतून शिधापत्रिका विभक्त करून घेणे ही त्याची पहिली पायरी. मात्र शिधापत्रिका वेगळी झाली म्हणजे घरकुल मिळाले, असा समज करून घेणे चुकीचे आहे. पाहणीत कुटुंब प्रत्यक्ष कोठे आणि कशा घरात राहते हेच पाहिले जाते. आई-वडिलांच्या पक्क्या घरातील एका खोलीत राहणारे जोडपे 'बेघर' या वर्गात बसत नाही. शेतात छप्पर घालून वेगळे राहावे, तर ऊस आणि बिबट्या या दोन्हींसाठी प्रसिद्ध असलेल्या जुन्नर तालुक्यात तान्ह्या मुलासह तसे राहण्याचा सल्ला कोणी देणार नाही.

प्राधान्यक्रमाचे गणितही ध्यानात घेण्याजोगे आहे. यादीत आधी बेघर, मग शून्य, एक आणि दोन खोल्यांच्या कच्च्या घरांतील कुटुंबे, असा क्रम लावला जातो. समान स्थितीतील कुटुंबांमध्ये पुढे कोण, हे वंचिततेच्या निकषांवर ठरते. सोळा ते एकोणसाठ वयोगटातील एकही व्यक्ती नसलेले घर, कर्ता पुरुष नसलेले महिलाप्रमुख कुटुंब, दिव्यांग सदस्य असलेले कुटुंब, पंचवीस वर्षांवरील एकही साक्षर नसलेले कुटुंब, भूमिहीन मजूर कुटुंब यांना त्यात वजन मिळते. हे न्याय्यच आहे. विधवा मातेच्या आधी धडधाकट तरुणाला घर द्यावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु पंचविशीतील, शाळा शिकलेले, हातपाय धड असलेले जोडपे यांतील बहुतेक निकषांवर गुण मिळवू शकत नाही. ते यादीत आले तरी तळाशी येते. त्याचा विलंब हा कोणाच्या दिरंगाईमुळे नव्हे, तर नियमांच्या रचनेमुळेच होतो, ही बाब ग्रामसभेत क्वचितच उलगडून सांगितली जाते.

बागायतीचा फटका

माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांच्या कुकडी प्रकल्पाने जुन्नर-आंबेगावचा मोठा भाग बागायती झाला. ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे यांनी पैसा आणला, हे खरे. पण घरकुलाच्या निकषांत बागायत ही अडचण ठरते. अडीच एकर किंवा त्याहून अधिक बागायत असलेले कुटुंब अपात्र ठरते. जिरायतीसाठी ही मर्यादा पाच एकर आहे. समजा, सामायिक सातबाऱ्यावर चार एकर बागायत आहे आणि वाटेकरी तीन भाऊ आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम सव्वा एकर येईल, पण वाटप झालेले नसेल आणि चूल एक असेल, तर चार एकरांचे एकच कुटुंब म्हणून तिघेही बाद. पन्नास हजार रुपये किंवा त्याहून अधिक मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड असणे हाही अपात्रतेचा निकष आहे. ऊस-कांद्याच्या पट्ट्यात पन्नास हजारांचे पीककर्ज ही श्रीमंतीची खूण कशी मानावी, हा प्रश्न रास्त आहे.

२०२४ मध्ये केंद्राने निकष काही प्रमाणात शिथिल केले. दुचाकी, फ्रिज आणि घरातील दूरध्वनी या गोष्टी असल्या तरी आता कुटुंब बाद होत नाही. मासिक उत्पन्नाची मर्यादाही दहा हजारांवरून पंधरा हजार रुपये करण्यात आली. तरुणांच्या दृष्टीने दुचाकीची अट जाणे महत्त्वाचे होते. आळेफाट्याला किंवा नारायणगावला कामाला जायचे तर दुचाकी ही चैन नाही.

त्याच सुमारास योजनेला २०२९ पर्यंत मुदतवाढ मिळाली आणि नवे सर्वेक्षणही हाती घेण्यात आले. या वेळी मोबाइलवरील अ‍ॅपवर स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोय देण्यात आली. ३१ मार्च २०२५ ही मुदत पुढे वाढविण्यात आली. २०११ आणि २०१८ मध्ये जे अविवाहित होते, त्यांच्या संसाराची स्वतंत्र नोंद होण्याची ही पहिलीच संधी होती. आधार आणि रोजगार हमीचे जॉबकार्ड त्यासाठी लागले. ज्या जोडप्याचे जॉबकार्ड वडिलांच्याच कुटुंबाचे होते, त्यांची अडचण झाली असणार, हे उघड आहे.

दरम्यान, २२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यात बालेवाडी येथे केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या उपस्थितीत राज्यातील २० लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रे आणि त्यांपैकी १० लाखांना पहिला हप्ता देण्यात आला. आकडा मोठा होता, यात शंका नाही. परंतु नवे सर्वेक्षण तेव्हा सुरूच होते; त्यामुळे ही मंजुरी आधीच्या यादीतील नावांची होती.

२६९ चौरस फुटांचा हिशेब

नाव लागले, मंजुरी आली, आता घर बांधायचे. सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये हे अनुदान योजना सुरू झाली तेव्हा ठरले. २०२४ मध्ये मुदतवाढ देताना केंद्राने त्यात बदल केला नाही. राज्य सरकारने २०२५ मध्ये स्वतःचे ५० हजार रुपये जोडले. त्यांतील ३५ हजार बांधकामासाठी आणि १५ हजार छतावरील सौरऊर्जा संचासाठी. रोजगार हमीची मजुरी सुमारे २८ हजार आणि शौचालयाचे १२ हजार धरून एकूण २ लाख १० हजार रुपये होतात, असा हिशेब सरकारने त्या वेळी मांडला.

योजनेतील घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे असावे लागते. बांधकामाचा खर्च चौरस फुटाला केवळ एक हजार रुपये धरला, तरी २ लाख ६९ हजार होतात. दीड हजार धरला, तर आकडा चार लाखांच्या पुढे जातो. म्हणजे अनुदानाइतकीच रक्कम जोडप्याने स्वतः उभी करायची. योजनेत ७० हजार रुपयांपर्यंत बँकेचे कर्ज मिळवून देण्याची तरतूद आहे; पण नियमित पगाराची चिठ्ठी नसलेल्या तरुणाला बँकेच्या दारात किती वेळा जावे लागते, हे सर्वश्रुत आहे.

खरी ओढाताण मात्र एकूण रकमेपेक्षा तिच्या वेळापत्रकामुळे होते. पहिला हप्ता १५ हजार रुपयांचा असतो. त्यापुढील हप्ते कामाच्या टप्प्यांनुसार, म्हणजे जोते झाले, भिंती वर आल्या, छत पडले, की त्या-त्या टप्प्याचे छायाचित्र जागेच्या नोंदीसह संकेतस्थळावर चढविल्यानंतर मिळतात. आधी काम, मग पैसे. पंधरा हजारांत पाया खणून जोते बांधून होत नाही. सिमेंट, विटा आणि गवंड्याची उचल यांसाठी मधल्या काळात उसनवारी करावी लागते. लग्नाचे देणे अजून फिटले नसेल, तर सोन्याच्या चार मण्यांकडे नजर जाते. पाच ब्रास वाळू मोफत देण्याची राज्याची तरतूद आहे. ती वेळेवर मिळाली तर दिलासा मोठा, कारण जोत्यापासून छतापर्यंत वाळूशिवाय काम पुढे सरकत नाही.

जागेचा प्रश्न याहून बिकट. गावठाणात जागा उरलेली नाही आणि सामायिक शेतात घर बांधायचे तर अन्य खातेदारांची संमती लागते. भूमिहीन लाभार्थ्याला जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून पूर्वी ५० हजार रुपये मिळत; २०२४ मध्ये ही मर्यादा एक लाख रुपये करण्यात आली. तुकडेबंदी कायद्यामुळे छोटा तुकडा विकत घेण्यात अडचण येत असे. घरकुलापुरती जागा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने खरेदी करण्याची सवलतही २०२४ च्या नियमांत देण्यात आली. या सवलतीची माहिती घेऊनच जागेचा व्यवहार करावा.

चाकणची वाट आणि एकदाच मिळणारी संधी

पुणे-नाशिक महामार्गाने तासा-दीड तासाच्या अंतरावर चाकणची औद्योगिक वसाहत आहे. तेथे दोघांनीही नोकरी धरावी आणि म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीत अर्ज करावा, हा दुसरा मार्ग. तेथील हिशेब वेगळ्या रीतीने कोड्यात टाकतो. म्हाडा पती-पत्नीचे उत्पन्न एकत्र धरते. २०२२ मध्ये ठरलेल्या मर्यादांनुसार पुणे महानगर क्षेत्रात वार्षिक सहा लाखांपर्यंत अत्यल्प, नऊ लाखांपर्यंत अल्प आणि बारा लाखांपर्यंत मध्यम उत्पन्न गट आहे. दोघांचा पगार प्रत्येकी २४ हजार असेल, तर वर्षाचे ५ लाख ७६ हजार होतात आणि अर्ज अत्यल्प गटात राहतो. दोघांना दोन-दोन हजारांची पगारवाढ मिळाली, की बेरीज ६ लाख २४ हजारांवर जाते, गट बदलतो आणि घराची किंमतही. शिवाय सोडतीत ज्येष्ठता नसते. पाच वेळा अपयश आलेला अर्जदार आणि प्रथमच अर्ज करणारा एकाच रांगेत उभे असतात.

या दोन मार्गांपैकी एक निवडताना जी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, तीच सर्वांत महत्त्वाची आहे. शहरी आवास योजनेच्या १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात गृहकर्जाच्या व्याजावर एकूण १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत सवलत मिळू शकते. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि घराची किंमत ३५ लाखांपर्यंत असावी लागते. मात्र देशात कोठेही पक्के घर असता कामा नये आणि मागील वीस वर्षांत कोणत्याही सरकारी गृहयोजनेचा लाभ घेतलेला नसावा, अशी अट आहे. गावी घरकुल घेतले, की शहरातील ही सवलत गेली. शहरात ती घेतली, की गावच्या यादीतील नावावर पाणी. तिशीच्या आतल्या जोडप्याला पुढची वीस वर्षे आपण कोठे राहणार, हे आजच ठरवावे लागते. ज्यांचे आई-वडील गावी आणि नोकरी चाकणला, त्यांच्यासाठी हा निर्णय सोपा नाही. अशा जोडप्यांनी यादीत नाव येण्याची वाट न पाहता आधी हा प्रश्न आपसांत सोडवलेला बरा.

या व्यवस्थेत नव्या सुनेच्या बाजूची एक तरतूद आहे. ग्रामीण योजनेतील घर पत्नीच्या किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावे मंजूर व्हावे, असा नियम आहे. विधुर, अविवाहित किंवा विभक्त व्यक्ती याला अपवाद. सामायिक सातबाऱ्यावर जिचे नाव नाही, तिच्यासाठी ही नोंद मोलाची ठरते. मंजुरीपत्रावर नाव कोणाचे आहे, हे पहिला हप्ता खात्यात जमा होण्यापूर्वी पाहून घ्यावे. प्रतीक्षा यादी ग्रामपंचायतीत पाहायला मिळते आणि ती ग्रामसभेपुढे ठेवली जाते. नाव नसल्यास किंवा चुकीच्या कारणाने वगळले गेल्यास हरकत तेथेच लेखी नोंदवावी. त्यानंतर पंचायत समितीतील गटविकास अधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांना घेण्याची प्रथा आहे. त्या दिवशी कारखान्यांना सुटी असते, एवढी सोय चाकणला कामाला जाणाऱ्यांना आहे.